हुंडणावळीचा भाव : कोणाच्या खिशांतून, कोणाच्या पदरांत?

डॉलरास पडणाऱ्या रुपयांचा आंकडा चढून नव्या उंचीस गेला कीं वर्तमानपत्रांत व सभागृहांत दोन तऱ्हेचें बोलणें ऐकूं येतें. एक पक्ष म्हणतो, रुपया पडला म्हणजे देशाची अब्रू गेली. दुसरा म्हणतो, रुपया पडला म्हणजे निर्गत वाढेल, तेव्हां तोंड वांकडें करण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष एकाच कच्च्या पायावर उभे आहेत. कारण रुपयाच्या चढउताराचा नफा अगर तोटा सबंध 'देशास' होतो असें दोघेहि धरून चालतात. देश म्हणजे कांहीं एका दुकानाची एकच खातेवही नव्हे. येथें परदेशीं माल धाडणारा आहे तसा तेथून यंत्र आणविणाराहि आहे. पौंडांत अगर डॉलरांत देणें असणारा आहे तसा त्याच नाण्यांत घेणें असणाराहि आहे. आणि या सर्वांच्या खालीं, ठराविक रुपयांवर घर चालविणारा असंख्य मजूर व कारकून वर्ग आहे. हुंडणावळीचा भाव बदलला म्हणजे यांपैकीं एकाच्या खिशांतून रक्कम निघते व दुसऱ्याच्या पदरांत पडते, आणि कायद्याचें एक अक्षरहि न बदलतां हें सर्व घडून येतें. ज्यास कायदेमंडळाची मंजुरी लागत नाहीं, ज्याची पावती मिळत नाहीं व ज्यावर अपील चालत नाहीं असा हा एक कर आहे.

२०१४ च्या मध्यास डॉलरला सुमारें ६० रुपये पडत. २०२४ च्या डिसेंबरांत ८५ आणि २०२५ च्या डिसेंबरांत ९० च्या पलीकडे हा आंकडा गेला. या घसरणीचा हिशेब मांडण्यापूर्वीं एका जुन्या खटल्याचे कागद पुन्हां उघडून पाहणें इष्ट आहे, कारण त्या खटल्यांत सर्व पक्षकार उघडपणें हजर होते. तो खटला म्हणजे '१६ पेन्स कीं १८ पेन्स' हा १९२६-२७ सालचा वाद होय.

प्रथम थोडा पूर्ववृत्तांत. १८७० च्या सुमारास एक रुपया म्हणजे जवळ जवळ दोन शिलिंग असा भाव असे. पुढें जर्मनीनें चांदीचें नाणें टाकून सोन्याचें धरलें, इतर राष्ट्रें तिच्या मागून गेलीं, चांदी उतरत चालली, आणि १८९२-९३ पर्यंत रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. हिंदुस्थान सरकारास पेन्शनें, कर्जाचें व्याज, लष्कराचा खर्च इत्यादि बाबींकरितां दरसाल विलायतेस पौंडांत रक्कम भरावी लागे; ती भरण्यास अधिकाधिक रुपये लागूं लागले. तेव्हां १८९३ च्या जूनमध्यें लोकांच्या चांदीस टांकसाळी बंद करण्यांत आल्या, रुपया बुद्ध्या दुर्मिळ करण्यांत आला, आणि शतक संपण्यापूर्वीं तो १६ पेन्सांवर आणून बसविला. ज्या सालीं टांकसाळी बंद झाल्या त्याच सालीं युरोपियन अधिकाऱ्यांस हुंडणावळीच्या भरपाईदाखल भत्ता मंजूर झाला. शेतकऱ्यास असा भत्ता कोणीं दिला नाहीं. उलट त्याच्या घरांतील चांदीचे वाळे व गोट मात्र रुपयाच्या मानानें हलके झाले. कारण पूर्वीं चांदी टांकसाळींत नेली कीं तिचे रुपये होत, ते आतां होईनात.

रुपया महाग झाला, विलायतेची भरती सोपी झाली, आणि सरकारच्या बजेटांत शिल्लक पडूं लागली. तेव्हां १९०२ सालीं कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलांत बजेटवर बोलतांना नामदार गोखले यांनीं या शिलकेच्या मुळाशींच हात घातला. ही शिलक देशाच्या भरभराटीची खूण नसून चलनाच्या उलाढालीची कमाई आहे; रुपया स्वस्त असतां तूट भरून काढण्यासाठीं जे कर बसविले, ते रुपया महागल्यावरहि तसेच चालूं ठेवले म्हणून हा पैसा सांचला, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं दाखविलें. या मुद्द्याकडे आम्ही पुढें पुन्हां येणार आहों, म्हणून वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा.

पहिल्या महायुद्धांत चांदी भडकली व रुपया चढला. १९२० च्या आरंभीं बॅबिंग्टन स्मिथ कमिटीच्या शिफारशीवरून सरकारनें रुपयाचा भाव सोन्याचे दोन शिलिंग ठरविला. कमिटींतील एकटे हिंदी सभासद दादिबा मेरवानजी दलाल यांनीं विरोध नोंदविला होता, पण तो ऐकतो कोण! भाव टिकविण्यासाठीं सरकारनें लंडनवरच्या उलट हुंड्या विकल्या. ज्यांस आपलें भांडवल विलायतेस न्यावयाचें होतें त्यांनीं ते स्वस्त पौंड यथेच्छ उचलले; आणि सप्टेंबरांत सरकारनें हात टेकले तेव्हां हिंदी तिजोरीचें नुकसान कोट्यवधि रुपयांत गेलें होतें.

या प्रकरणांत पेठेंतील व्यापाऱ्यांची जी गत झाली ती विसरण्यासारखी नाहीं. दोन शिलिंगांच्या भावावर विसंबून ज्यानें हजार पौंडांचें कापड मागविलें, त्याच्या हिशेबीं देणें दहा हजार रुपये होतें. माल गोदींत लागेपर्यंत रुपया १६ पेन्सांवर आला, आणि त्याच हजार पौंडांस पंधरा हजार लागूं लागले. मुंबई, दिल्ली, कराची येथील अनेक व्यापाऱ्यांनीं माल सोडवून घेण्याचें नाकारलें. त्यांच्याविषयीं सहानुभूति वाटणें साहजिक आहे, कारण सरकारी जाहीरनाम्यावर विश्वास ठेवणें हा कांहीं गुन्हा नव्हे. तथापि कायदा त्यांच्या बाजूस नव्हता. कराराच्या १८७२ च्या कायद्याचें ५६ वें कलम अशक्य झालेल्या करारापुरतें आहे. महाग झालेल्या करारास तें लागू नाहीं. कराराचा कागद तोच, सही तीच, आंकडा तोच. फक्त त्या आंकड्याचा अर्थ सिमल्यास अगर लंडनास बदलला गेला. परकीय नाण्यांत देणें पत्करतांना आगाऊ सौद्यानें भाव बांधून न घेणारा व्यापारी आजहि नेमका याच खड्ड्याच्या कांठावर उभा असतो.

आतां मुख्य वादाकडे वळूं. १९२५-२६ सालीं हिल्टन यंग कमिशन बसलें व त्यानें रुपयास १८ पेन्सांचा भाव कायम करावा असें सुचविलें. कमिशनचे एक सभासद, मुंबईचे कापसाचे बडे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचा पक्ष मांडला. देशभर सभा झाल्या, पत्रकें निघालीं; तरीहि १९२७ च्या मार्चमध्यें अगदीं थोड्या मतांच्या फरकानें १८ पेन्सांचा कायदा पास झाला. दोन पेन्सांचा हा फरक म्हणजे काय, तें आंकड्यांतच पाहिलें पाहिजे. १६ पेन्सांच्या भावानें एका पौंडास १५ रुपये पडतात. १८ पेन्सांच्या भावानें १३ रुपये ५ आणे ४ पै. खानदेशांतील अगर वऱ्हाडांतील कापूस लिव्हरपुलास शंभर पौंडांस विकला, तर पहिल्या भावानें १,५०० रुपये येत, दुसऱ्यानें १,३३३. म्हणजे नऊ रुपयांतला एक रुपया वाटेंतच नाहींसा झाला. शेतसारा मात्र रुपयांतच भरावयाचा होता, व तो कमी झाला नव्हता.

कर्जदार कुणब्याची स्थिति याहून कठीण. त्यानें सावकारास हजार रुपयांचा रोखा लिहून दिला होता. १६ पेन्सांच्या भावानें हजार रुपये उभे करण्यास त्यास ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स किंमतीचा कापूस विकावा लागे. १८ पेन्सांच्या भावानें ७५ पौंडांचा. रोख्यांत एक काना मात्रा बदलली नाहीं, तरी देणें अष्टमांशानें वाढलें. दक्षिणेंतील रयतेच्या कर्जनिवारणासाठीं १८७९ सालीं सरकारनें खास कायदा केला होता. त्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या मागें जाऊन खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला होता. पण सरकारनेंच रुपया जड केला असतां तो तपासण्याचा अधिकार कोणत्या मुन्सफास होता? मुंबईच्या गिरणीवाल्यांची तक्रारहि याच जातीची होती. मँचेस्टरचें कापड रुपयांत नवमांशानें स्वस्त झालें, आणि गिरणीचे मजूर व कर्ज हीं मात्र जुन्याच रुपयांत राहिलीं.

लाभ कोणास झाला? विलायतेस माल विकणाऱ्याच्या उलट, तेथून माल आणविणाऱ्यास. पगारांतील शिल्लक स्वदेशीं पाठविणाऱ्या गोऱ्या नोकरांस. आणि सर्वांत मोठा लाभ खुद्द सरकारास. विलायतेची भरती दरसाल तीन कोटी पौंड धरली, तर ती पूर्वींच्या भावानें ४५ कोटी रुपयांत व नव्या भावानें ४० कोटींत भागते. फडणिशी खात्याचे प्रमुख सर बेसिल ब्लॅकेट १८ पेन्सांसाठीं इतके कां झटले याचें अर्धें उत्तर या पांच कोटींत आहे.

येथपर्यंतचा हिशेब राष्ट्रीय पक्षाच्या सोयीचा आहे, व तेव्हांच्या बहुतेक राष्ट्रीय पत्रांनीं तो येथेंच थांबविला. आम्ही तो येथें थांबवूं इच्छीत नाहीं. १९२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'दि प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथांत डॉ. आंबेडकर यांनीं उलट बाजूचा एक प्रश्न विचारला होता, आणि पुढें कमिशनपुढील साक्षींतहि त्यांनीं हाच विषय हाताळला. रुपया स्वस्त झाला म्हणजे निर्गत करणाऱ्यास जो जादा नफा होतो, तो येतो कोठून? परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशांतून येतो अशी समजूत आहे. पण पुष्कळ अंशीं तो घरांतूनच येतो. रुपया पडला कीं जिनसांचे भाव आधीं चढतात, मजुरी मागाहून, आणि तीहि कष्टानें. या मधल्या काळांत मालकास माल विकून अधिक रुपये मिळतात व मजुरास तो जुनेच रुपये देतो. तेव्हां 'देशाचा नफा' म्हणून जो मिरविला जातो, तो मजुराच्या ताटांतील भाकरीचा कोर असतो. या म्हणण्यास तेव्हां पुरेसें उत्तर कोणीं दिलें नाहीं. १६ पेन्सांचा पक्ष शेतकऱ्याच्या नांवानें बोलत होता, व त्यांत शेतकऱ्याचें हित खरोखरच होतें; परंतु सभांचा खर्च करणारे गिरणीवाले व अडते होते, आणि गिरणगांवांतील मजुरास त्याचें मत कोणीं विचारलें नव्हतें, हेंहि तितकेंच खरें आहे.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १९३१ च्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सोनें सोडलें, रुपया पौंडास बांधलेलाच राहिला, व रुपयांत सोन्याचा भाव चढला. मंदीनें गांजलेल्या रयतेनें घरांतील सोनें विकावयास काढलें आणि तें मुंबईच्या बंदरांतून बोटी भरभरून बाहेर गेलें. १९४९ च्या सप्टेंबरांत पौंडाबरोबर हिंदी रुपयाहि उतरला, पण पाकिस्ताननें आपला उतरविला नाहीं. त्यामुळें तेथील शंभर रुपयांस येथील १४४ लागूं लागले, पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि ज्या कुळांनीं तो ताग पिकविला होता त्यांचें हक्काचें गिऱ्हाईक एका रात्रींत तुटलें. १९६६ च्या ६ जूनला डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, व १९९१ च्या जुलैंत दोन दिवसांच्या अंतरानें दोन वेळां रुपया उतरविण्यांत आला. या सर्व प्रसंगीं निदान एक गोष्ट बरी होती. भाव कोणी बदलला हें लोकांस ठाऊक असे, व त्यास जाब विचारतां येत असे. १९९३ पासून भाव बाजार ठरवितो. रिझर्व बँक अधूनमधून डॉलर विकून अगर घेऊन त्याची चाल धीमी करते. त्यामुळें बोट कोणाकडे दाखवावें हेंच कोणास कळेनासें झालें आहे.

आतां चालू घसरणीचा हिशेब घ्या. १९२७ सालीं रुपया चढल्यानें शेतकरी बुडाला. मग आज रुपया उतरल्यानें तो तरावयास हवा होता. तसें झालें काय? नाशिक जिल्ह्यांतील कांदेवाल्यास विचारा. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्याच्या निर्गतीवर शेंकडा ४० जकात बसली. त्याच डिसेंबरांत निर्गतच बंद झाली. २०२४ च्या मेमध्यें ती खुली केली ती टनास ५५० डॉलरांची किमान किंमत व ४० टक्के जकात लादून. आणि ही जकात संपूर्ण उठली ती १ एप्रिल २०२५ रोजीं. म्हणजे हुंडणावळीनें एका हातानें जें देऊं केलें तें सरकारनें दुसऱ्या हातानें काढून घेतलें. त्याच शेतकऱ्यास लागणारें पोटॅश परदेशांतून येतें, आणि देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक बाहेरून येतें; तेथें मात्र डॉलर त्यास गांठल्यावांचून राहात नाहीं. लातुराकडील सोयाबीन पिकविणाऱ्यास, बाहेरचें पामतेल महागल्यानें थोडा आधार मिळतो हें खरें. पण तो आधार शहरांतील गृहिणीच्या तेलाच्या डब्यांतून येतो, हेंहि विसरून चालणार नाहीं.

पुण्याच्या हिंजवडींत ज्या संगणक कंपन्या आहेत त्यांची आवक डॉलरांत व पगार रुपयांत. डॉलर ६० वरून ९० झाला म्हणजे त्यांची तीच आवक रुपयांत दीडपट झाली. नवीन लागणाऱ्या पदवीधराचा पगार दीडपट झाला काय? आंबेडकरांनीं मजुराविषयीं जें सांगितलें तें या सुशिक्षित मजुरास जसेंच्या तसें लागू पडतें. फरक इतकाच कीं, हा मजूर रुपया पडल्याचा राग धरतो तो देशाभिमानानें, आपल्या पगारपत्रकाकडे पाहून नव्हे. आखातांत राबणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाच्या घरीं अगर बोटीवर नोकरी करणाऱ्या गोमंतकीय दर्यावर्द्याच्या घरीं मात्र खराच लाभ पोंचतो. बाहेरून येणाऱ्या अशा पैशांत महाराष्ट्र व केरळ हे दोन प्रांत सर्वांत पुढें आहेत. आणि ज्या बापानें मुलाच्या अमेरिकेंतील शिक्षणासाठीं घर गहाण टाकलें, त्यास दुसऱ्या वर्षाची फी भरतांना १९२० च्या कापडवाल्याची आठवण व्हावी अशी स्थिति आहे.

उरला सरकारचा वांटा, व आमच्या मतें या प्रकरणाचें खरें मर्म तेथेंच आहे. हजार डॉलरांचें यंत्र ६० च्या भावानें ६०,००० रुपयांचें होतें. शेंकडा दहा जकात धरली तर सहा हजार. ९० च्या भावानें तेंच यंत्र ९०,००० चें, आणि जकात नऊ हजार. जकातीचा दर वाढला नाहीं, लोकसभेंत चर्चा झाली नाहीं, तरी तीन हजार रुपये अधिक वसूल झाले. पेट्रोलवरील प्रांतिक कराचा टक्केवारीचा भागहि याच रीतीनें आपोआप फुगतो. शिवाय रिझर्व बँकेनें पूर्वीं स्वस्त घेतलेले डॉलर महाग विकून जो नफा केला, तोहि अखेर मध्यवर्ती सरकारच्याच तिजोरींत जातो. २०२५ च्या मेमध्यें बँकेनें सरकारास २ लाख ६८ हजार कोटींहून अधिक शिलक दिली, व तिच्या उत्पन्नांत या डॉलरविक्रीच्या नफ्याचा मोठा वांटा होता. गोखल्यांनीं १९०२ सालीं जी शिलक उघडी पाडली तिचेंच हें नवें रूप आहे. तेव्हां ती रुपया चढवून मिळाली, आतां ती रुपया उतरल्यानें मिळते. रुपया वर जावो कीं खालीं येवो, तिजोरी भरावी आणि रयतेनें फरक सोसावा, ही रीत दोन्ही राजवटींत सारखीच राहावी हें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

रुपया बळजबरीनें धरून ठेवा असें आमचें म्हणणें नाहीं; १९२० सालच्या उलट हुंड्यांनीं तो धडा पुरता दिला आहे. निर्गतवाल्यांच्या आग्रहाखातर तो मुद्दाम पाडावा असेंहि आम्ही म्हणत नाहीं. आमची मागणी हिशेबाची आहे. अर्थसंकल्पाबरोबर सरकारनें दरसाल एक वेगळें पत्रक सभागृहापुढें ठेवावें: गतवर्षीं रुपयाच्या भावांत किती फरक पडला, त्यामुळें जकातीचें उत्पन्न किती वाढलें, बँकेकडून आलेल्या शिलकेंत डॉलरच्या नफ्याचा भाग किती, आणि खतावर व तेलावर लोकांस किती जादा द्यावें लागलें. या नफ्याचा ठराविक भाग इंधनावरील कर उतरविण्याकडेच लावावा. २०२५ च्या एप्रिलांत पेट्रोल व डिझेल यांवरील अबकारी लिटरमागें दोन रुपयांनीं वाढविली, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यांत बँकेची ती विक्रमी शिलक आली; या दोन गोष्टींची सांगड कशी घालावयाची, हें अर्थमंत्र्यांनीं सांगावें. आमच्या प्रांतांतून लोकसभेवर ४८ सभासद जातात. बजेटवरील चर्चेंत एवढा एक प्रश्न लेखी विचारण्यास त्यांपैकीं कोणाहि एकाची सही पुरेशी आहे.